लँड्सपासून किती लांब?

रायफलचं काडतूस घरी भरणाऱ्याच्या हातात चारच गोष्टी असतात: पितळी केस, प्रायमर, पावडर आणि गोळी. केस आणि प्रायमर एकदा ठरले की सहसा कोणी बदलत नाही. पावडर किती ग्रेन घालायची याची खालची आणि वरची मर्यादा पुस्तकात छापलेली असते. उरतो एकच प्रश्न, गोळी केसच्या मानेत किती खोल बसवायची. सीटिंग डायचा स्क्रू जरासा फिरवला की गोळी वरखाली होते, त्याला वेगळा खर्च नाही. म्हणूनच अमेरिकेतल्या रायफलवाल्यांचे तास या स्क्रूपाशी जातात, आणि सगळ्यात कडाक्याचे वादही इथेच होतात.

ओहायोत माझ्या मामाच्या गॅरेजमध्ये हा वाद मराठीत चालतो. मामा पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूमला होता. इकडे आल्यावरही निवृत्त होईपर्यंत त्याने तेच काम केलं. लेक एरीच्या काठी कॅम्प पेरीला १९०७ पासून राष्ट्रीय सामने होतात, तिथे तो नेम धरायला जातो. ताई औषधांच्या चाचण्यांचं संख्याशास्त्र सांभाळते. नेमबाजी तीही करते, पण तिचा जीव कागदावरच्या भोकांपेक्षा त्या भोकांवरून काढलेल्या निष्कर्षात असतो. इथे स्वतःच्या वापरापुरती काडतुसं भरायला फेडरल परवाना लागत नाही. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याचं पाचवं कलम परवान्याशिवाय दारूगोळा बनवू देत नाही, म्हणून आपल्याकडे या कामाची चर्चा फारशी कानावर येत नाही. दोघांचं बोलणं मी खाली उतरवलं आहे. मध्ये जे माझं आहे ते माझं म्हणूनच वाचावं.

मामा : चेंबर संपतं तिथे नळीत थोडी गुळगुळीत जागा असते, तो थ्रोट. त्याच्यापुढे रायफलिंगचे उंचवटे सुरू होतात, ते लँड्स. चाप ओढला, पावडर पेटली, दाब चढला, की गोळी केसची मान सोडते, ती मोकळी जागा ओलांडते आणि लँड्समध्ये शिरते. या मोकळ्या अंतराला जंप म्हणायचं. गोळी आधीच लँड्सना टेकवून, दाबून बसवली तर तो जॅम. माझं म्हणणं एवढंच, की लँड्समध्ये शिरताना गोळी नळीच्या मध्यरेषेत पाहिजे. तिथे तिरकी शिरली तर पुढे काहीही केलंस तरी ती सरळ होत नाही.

ताई : इथपर्यंत वाद नाही. तू तो आकडा ठरवतोस कसा, तिथे माझं भांडण आहे.

मामा : आधी मोजून, मग कागदावर बघून.

मोजण्याचं त्याचं काम बघण्यासारखं असतं. बोल्टमधून तो फायरिंग पिन आणि इजेक्टर काढून ठेवतो. अशा मोकळ्या बोल्टचा दांडा सोडला की आपल्याच वजनाने खाली पडतो. मग याच रायफलमध्ये उडवलेल्या केसमध्ये, प्रायमर आणि पावडर न घालता, एक गोळी मुद्दाम वर ठेवून बसवायची आणि ते खोटं काडतूस चेंबरमध्ये सरकवायचं. दांडा मध्येच अडतो, कारण गोळी लँड्सना लागली आहे. बाहेर काढायचं, डायने दोन थाऊ खाली दाबायचं, पुन्हा आत. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, सुमारे २५ मायक्रॉन. माणसाचा केस साधारण तीन थाऊ जाड धरा. असं करत करत एक वेळ अशी येते की दांडा पुन्हा विनाअडथळा पडतो. मामा तेव्हा काही बोलत नाही, फक्त कॅलिपर उचलतो. कॅलिपरच्या एका जबड्याला त्याने कंपॅरेटर बसवलेला आहे, म्हणजे गोळीच्या टोकाला न टेकता तिच्या निमुळत्या भागावर, ओजाइव्हवर, टेकणारं कडं. मॅच गोळ्यांची टोकं पोकळ आणि कडेने ओबडधोबड असतात, एकाच डब्यातल्या दोन गोळ्यांची लांबी टोकापासून मोजली तर कितीतरी थाऊंनी वेगळी येते. लँड्सना लागतो तो ओजाइव्ह. मोजमापही तिथूनच हवं.

ताई : मग पुस्तकात दिलेली काडतुसाची एकूण लांबी कशाला? तुझ्या ६.५ क्रीडमोरला २.८२५ इंच लिहिलंय.

मामा : ती सगळ्यांच्या रायफलींसाठी आहे. २००७ साली हॉर्नाडीने हे काडतूस आणलं, आणि कोणत्याही कारखान्याचं काडतूस कोणत्याही चेंबरमध्ये आणि मॅगझिनमध्ये बसावं म्हणून ही कमाल लांबी ठरली. माझ्या नळीचा थ्रोट कुठे आहे हे त्या आकड्याला काय ठाऊक? जुनी माणसं तर गोळी केसमध्ये बसवतही नव्हती. हॅरी पोपच्या नळ्या वापरणारे नेमबाज गोळी थेट नळीत, लँड्समध्ये बसवायचे आणि पावडरची केस मागून घालायचे. तशा पोप नळीवर रोलंड नावाच्या नेमबाजाने १९०१ मध्ये २०० यार्डांवर काढलेला ग्रुप, म्हणजे भोकांचा पुंजका, पाऊण इंचाच्या आत होता. शून्य जंप!

ताई : आणि गोळ्या किती होत्या त्या ग्रुपमध्ये?

मामा : दहा.

ताई : दहा. तुझा कालचा कागद आण.

तो कागद मीही पाहिला. मामाने बर्जरची पद्धत वापरली होती. बर्जरच्या व्हीएलडी, म्हणजे हवेचा रोध फार कमी होणाऱ्या, गोळ्यांसाठी कंपनीने सुचवलेली ही चाचणी आता सगळीकडे चालते: लँड्समध्ये १० थाऊ घुसवून, मग ४०, ८० आणि १२० थाऊ मागे, प्रत्येक खोलीला तीन-तीन गोळ्यांचे दोन ग्रुप, १०० यार्डांवर. मामाच्या कागदावर ४० थाऊचे ग्रुप सगळ्यात लहान होते. दोन भोकं एकमेकांना चिकटलेली, तिसरं जरा वर. १२० चे सगळ्यात पसरट. ४० भोवती त्याने लाल पेनने गोल केला होता.

ताई : मामा, आता मी सांगते ते नीट ऐक. समज, चारही खोल्यांवर तुझी रायफल अगदी सारखीच मारते, तीन गोळ्यांचा ग्रुप सरासरी एक इंचाचा. फरक कणभरही नाही. तरीसुद्धा एकेकटा ग्रुप अर्ध्या इंचापासून दीड इंचापर्यंत सहज येईल, तीन गोळ्यांचा स्वभावच तो. दोन-दोन ग्रुपांची सरासरी काढलीस तर चार खोल्यांपैकी सगळ्यात चांगली पाऊण इंचाच्या आसपास दिसेल आणि सगळ्यात वाईट सव्वा इंचाच्या. दर वेळी! आणि तू दर वेळी एकाभोवती लाल गोल करशील.

मामा : म्हणजे मी कागदावर पाहिलं ते खोटं?

ताई : भोकं खरी आहेत. त्यावरून तू काढलेलं उत्तर पुराव्याला धरून नाही. उद्या हीच चाचणी पुन्हा केलीस तर गोल बहुतेक दुसऱ्या खोलीभोवती पडेल. अरे, खुद्द हॉर्नाडीचे बॅलिस्टिक्सवाले हेच सांगतायत, की तुमचे ग्रुप फार लहान आहेत, तेवढ्यावर लोड ठरत नाही. पाच गोळ्यांचा ग्रुप तीन गोळ्यांच्या ग्रुपपेक्षा सरासरी सव्वापट मोठा येतो, दहाचा दीडपटीहून थोडा जास्त. रायफल बिघडलेली नसते, आधी दिसत नव्हतं ते दिसायला लागतं.

मामा गप्प बसणाऱ्यातला नाही. त्याने जे उत्तर दिलं ते मला आजही वादातलं सगळ्यात सबळ वाटतं.

मामा : बरं, तुझ्या पद्धतीने करू. किती गोळ्या म्हणतेस?

ताई : दोनच खोल्यांची तुलना करायची तरी प्रत्येकी वीस. आणि नुसता सगळ्यात दूरच्या दोन भोकांमधलं अंतर मोजायचं नाही. सगळ्या भोकांचा मध्य काढायचा आणि त्यापासून प्रत्येकाचं अंतर घेऊन सरासरी करायची, म्हणजे एकही गोळी वाया जात नाही. तरी एक तृतीयांशाहून लहान फरक त्यात खात्रीने दिसणार नाही.

मामा : आणि मला आठ-दहा खोल्या बघायच्या असतील, त्याही तीन-तीन थाऊंच्या पायऱ्यांनी, तर? दीड-दोनशे गोळ्या? अगं, या नळीचं सामन्याचं आयुष्य दोन-अडीच हजार फैरींचं. तुझी चाचणी संपेपर्यंत जळत्या वायूंनी थ्रोट खाल्लेला असेल, लँड्स पुढे सरकलेले असतील, आणि तू ज्या जंपचा अभ्यास केलास ती जंप नळीत उरलेलीच नसेल. औषधाची चाचणी करताना रोगी बदलत नाही, इथे रोजच बदलतो.

ताई : बरोबर. हेच तर माझं म्हणणं आहे!

मामा : काय?

ताई : जो आकडा सापडायला दोनशे गोळ्या लागतात आणि दोनशे गोळ्यांत जो सरकतो, तो शोधायचाच कशाला? तीन थाऊचा कोपरा शोधू नकोस. रुंद पट्टा शोध, जिथे दहा-वीस थाऊ इकडेतिकडे झालं तरी कागदाला कळणार नाही.

इथे मला माझं मत घालायचं आहे, कारण दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट सुटते. सीटिंग डेप्थचा, म्हणजे गोळी बसवण्याच्या खोलीचा, परिणाम होतो. तो भास नाही. व्हीएलडी गोळीचा ओजाइव्ह सेकंट आकाराचा असतो: दंडगोल संपतो तिथे एक बारीक कोन असतो आणि त्याच्यापुढे लांब, निमुळता भाग. हवेत ती छान चालते, पण लँड्सना भिडताना तो कोन गोळीला आपोआप मध्यावर आणत नाही. टँजंट ओजाइव्हची गोळी, सिएराची मॅचकिंग घ्या, गुळगुळीत वळणावरून लँड्समध्ये घसरते आणि स्वतःला सावरते, म्हणून लांब जंपची ती तक्रार करत नाही. बर्जरने आपल्या पायऱ्या ४०-५० थाऊंच्या ठेवल्या त्याला हे कारण आहे. चुकीच्या पायरीवर व्हीएलडी इतकी पसरते की सहा गोळ्यांतही ते लपत नाही. मोठा फरक लहान चाचणीत दिसतो, लहान फरक दिसत नाही. ४० थाऊंची पायरी मामाच्या कागदाला पेलते, तीन थाऊंची पेलत नाही. वादाचं खरं ठिकाण हे आहे, आणि इथे माझं माप ताईच्या बाजूला पडतं.

मामाच्या बाजूचे लोकही आता थोडे सरकले आहेत. टेक्सासचे एफ-क्लास नेमबाज एरिक कॉर्टिना तीन थाऊंच्या पायऱ्या सांगतात, पण लँड्सच्या मागे धावणं मूर्खपणाचं आहे असंही स्पष्ट म्हणतात: थ्रोट सरकला म्हणून गोळी सरकवू नका, कागद सांगेल तेव्हाच सरकवा. शॉर्ट अ‍ॅक्शन कस्टम्सचे मार्क गॉर्डन तर लांब जंपच्या बाजूने बोलतात, कारण तिथे थ्रोट झिजला तरी लोड लवकर बिघडत नाही. रॉय वेदरबीने आपल्या मॅग्नम रायफलींत इतका लांब मोकळा थ्रोट ठेवला की बहुतेक गोळ्या लँड्सपर्यंत पोचवताच येत नाहीत. तरीही शिकारी त्या रायफली विश्वासाने वापरत आले आहेत.

मामा : वेदरबीचं कारण नेम नव्हतं, दाब होता.

ताई : तेच विचारणार होते. जॅमची तुला भीती वाटत नाही?

मामा : वाटते. वाटलीच पाहिजे. जंप असली की गोळी आधी मोकळी पळते, दाब सावकाश चढतो. लँड्समध्ये रुतलेली गोळी जागची हलायला जोर लागतो, तेवढ्या वेळात मागे दाब साचतो. ६.५ क्रीडमोरची मर्यादा ६२,००० पीएसआय आहे. जंपवर कमाल पावडरीचा लोड चालला म्हणून तोच जॅमवर चालेल असं धरणाऱ्याने माझ्या शेजारच्या फायरिंग पॉइंटवर बसू नये. खोली बदलायची तर पावडर खाली आणून पुन्हा वर चढायचं, प्रायमर चपटा होतो का, बोल्ट जड उघडतो का बघत. आणि उलटही आहे: गोळी फारच खोल ढकलली की केसमधली जागा कमी होते, तिथूनही दाब वाढायला लागतो.

ताई : आणि सीझ फायर झालं तर?

हा प्रश्न तिने उगाच विचारला नव्हता. काडतूस चेंबरमध्ये आहे, गोळी लँड्समध्ये रुतली आहे, आणि रेंज ऑफिसरने गोळीबार थांबवून रायफली रिकाम्या करायला सांगितलं. बोल्ट मागे ओढला की केस बाहेर येते आणि गोळी नळीतच राहते. पावडर बोल्टच्या खोबणीत, चेंबरमध्ये, ट्रिगरच्या फटीत सांडते. मग पुढून दांडा घालून गोळी बाहेर ठोकायची आणि एकेक कण साफ करायचा. शिकारीला गेलेल्या माणसाला हे जंगलात परवडत नाही. म्हणूनच बर्जरने शिकाऱ्यांसाठी चाचणीची सुरुवात लँड्सच्या १० थाऊ मागून करायला सांगितली आहे. माझं मत याहून कडक आहे: बेंचवर बसून एकेक काडतूस घालणाऱ्यालाच जॅम शोभतो.

ताई : आपल्या स्वप्निल कुसाळेला खोलीचा प्रश्नच नाही. पॅरिस ऑलिंपिकला २०२४ मध्ये त्याने ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य घेतलं, त्या आधी २०१० मध्ये तेजस्विनी सावंत म्युनिकला प्रोनमध्ये जगज्जेती झाली. दोघं कोल्हापूरची, आणि दोघांच्या हातात पॉइंट टू टू. ते काडतूस रिमफायर, प्रायमरचा मसाला केसच्या काठातच, घरी भरायचा संबंध नाही. मग असे नेमबाज काय करतात? रायफल पक्की आवळून एकेका लॉटच्या भरपूर गोळ्या मारतात, आणि जो लॉट त्या नळीला मानवतो त्याची पेटी उचलतात. खोलीचा स्क्रू नाही, पण निवड आकड्यांवर. १०.४ मिलिमीटरचा दहाचा रिंग असतो, तिथे लाल पेन चालत नाही.

मामा : आणि त्यांच्या मॅच चेंबरमध्ये गोळी कुठे असते ठाऊक आहे? बोल्ट बंद करतानाच लँड्समध्ये रुतते. जॅमच तो! शिशाची मऊ गोळी आणि कमी दाब म्हणून त्यांना धोका नाही, पण गोळीला मध्यावर आणायची युक्ती तीच.

ताईला हे मान्य करावं लागलं, आणि तिने ते मनापासून मान्य केलं. मला त्यांच्या वादात हेच आवडतं, की मुद्दा खरा निघाला की तो कोणाचा आहे हे दोघंही विसरतात.

मग मामाने तिला आपली काडतुसं दाखवली. एका डब्यातली एकेक काढून तो कंपॅरेटरवर ठेवत होता. तळापासून ओजाइव्हपर्यंतचा फरक एका थाऊच्या आत. हे आपोआप होत नाही. सीटिंग डायचा दांडा गोळीला टोकाजवळ धरतो आणि मोजतो आपण खाली, त्यामुळे या दोन जागांमधलं अंतर गोळीगणिक बदललं की बसवलेली खोलीही बदलते. मामा आधी गोळ्या मोजून वेगळ्या करतो. केसची मान तापवून मऊ करतो, मँड्रेलने सारखी उघडतो, आणि गोळी बसवताना प्रेसच्या दांड्यावर हाताला लागणारा जोर ओळखतो. एखादी गोळी फार सहज सरकली तर ते काडतूस सरावाच्या डब्यात जातं, कारण मानेची पकड सैल असेल तर वेग बदलतो आणि ६०० यार्डांवर गोळी वरखाली पडते. माझ्या मते मामाचे ग्रुप लहान येतात ते या हातामुळे. श्रेय मात्र तो ४० थाऊंना देतो.

ताई : हे तू मला आधी का नाही सांगितलंस? खोली कोणतीही असो, तुझा फरक एका थाऊचा. मग तुला पट्टा मिळाला की काम झालं.

मामा : पट्टा कुठून सुरू होतो हे तरी बघू देशील की नाही?

ताई : बघ. ४० आणि ८०, दोनच. प्रत्येकी वीस. केस एकाच लॉटच्या, पावडर तेवढीच, आणि क्रम मिसळलेला. आधी सगळ्या ४० च्या आणि मग सगळ्या ८० च्या असं नको, नाहीतर नळी तापली, वारा फिरला, तू दमलास, ते सगळं ८० च्या नावावर पडेल.

मामा : आणि दोन्ही सारखेच आले तर?

ताई : तर ८० घ्यायचं. जंप आधीच मोठी असली की थ्रोट थोडा सरकल्याने तिच्यात हिश्शाने फारसा फरक पडत नाही, मॅगझिनमध्ये सहज बसतं, आणि सीझ फायर झालं तर गोळी तुझ्या हातात परत येते.

मामाने डायवरचा आकडा पाहिला आणि वहीत दोन रकाने आखले.

मामा : ठीक. पण एखादी गोळी माझ्याच हाताने गेली तर ती मोजायची नाही.

ताई : कुठली?

मामा : चाप सुटतानाच कळतं मला. ती लोडची नसते.

ताई : कळतं ना? मग स्पॉटिंग स्कोपला डोळा लावायच्या आधी बोल. मी शेजारी बसून वहीत लिहीन. कागद बघून झाल्यावर सांगितलेली प्रत्येक गोळी मोजली जाईल.

मामा : कबूल.